अंकलिपी : एक परीक्षण

दिवाळी अंकांतून दरवर्षी कादंबऱ्यांची आणि कवितासंग्रहांची परीक्षणे येतात. ज्या पुस्तकापासून आपणा सर्वांचे वाचन सुरू झाले, त्या अंकलिपीचे परीक्षण मात्र माझ्या पाहण्यात आलेले नाही. तिच्यावर बहुधा लेखकाचे नाव नसते, प्रस्तावना नसते, आणि वाचक तर पाच-सहा वर्षांचा! अशा पुस्तकाविषयी कोण काय लिहिणार? परंतु पुढची सारी पुस्तके याच उंबरठ्यावरून घरात येतात. हा उंबरठा कोणाला ठेच लावतो, हे पाहणेही टीकाकाराचेच काम आहे असे मला वाटते.

अंकलिपीची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. वर चित्र, खाली अक्षर, आणि 'ग गणपतीचा'. गणपतीपुरते हे ठीक चालते, कारण शब्दाच्या आरंभीच ग स्वच्छ ऐकू येतो. पण 'ण बाणाचा' म्हटले की मुलाने ऐकावे काय? बाण तर ब ने सुरू होतो! ण आणि ळ मराठी शब्दाच्या आरंभी येत नाहीत, म्हणून पुस्तक आपला नियम गुपचूप मोडते. मोडल्याचे मुलाला सांगत मात्र नाही. 'च चमच्याचा' याची मौज आणखी निराळी. 'चमच्याचा' या एका शब्दात च तीनदा येतो. पहिला आणि शेवटचा चोरातला, मधला चिंचेतला. आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण वाचायला शिकलेल्या माणसाचा डोळा त्याच्या कानाला बोलू देत नाही. मुलाचा कान अजून मोकळा असतो. ते गोंधळते, आणि आपण त्याला मंद म्हणतो.

'कमळ' हा शब्दही वाटतो तितका साधा नाही. क, म, ळ अशी तीन अक्षरे मूल म्हणते तेव्हा प्रत्येकात अ मिसळलेला असतो. त्यांची बेरीज मात्र 'कमळ्' होते. शेवटचा अ कुठे गेला, हे त्याला कोणी सांगत नाही. अक्षरे सारी येतात पण शब्द वाचता येत नाही, या तक्रारीचे एक मूळ येथे आहे.

वाचनाची तयारी डोळ्याआधी कानात होते. शब्द हा आवाजांचा बनलेला आहे, ते आवाज सुटे करता येतात आणि पुन्हा जोडता येतात, या जाणिवेला मी ध्वनिभान म्हणतो. अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली लहान मुलांना शब्दातले आवाज टेबलावर ठोके देऊन मोजायला लावले. शाळापूर्व वयाच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना शब्दाचे उच्चारी तुकडे मोजता आले. सुटे वर्ण मोजणे एकालाही जमले नाही. पहिली इयत्ता संपता संपता शंभरातली सत्तर मुले वर्णही मोजू लागली. म्हणजे तुकडा आधी कळतो, वर्ण मागून, आणि तोही बहुतांशी वाचन शिकता शिकता.

हे आपल्या मुलांनी आपल्याला केव्हाच दाखवून दिले आहे. च ची भाषा आठवा. 'कुठे'चे 'चठेकु' होते. ठे पासून कु वेगळा काढणे पोरांच्या हातचा मळ; पण कु मधला क् आणि उ कोणी वेगळा करीत नाही. गाण्याच्या भेंड्यांतही तेच. शेवटचा शब्द 'मन' असला की समोरच्या बाजूवर 'न' येतो. कानावर आलेला न् अर्धाच होता, अशी हरकत कोणी घेत नाही.

कु फोडायची जागा बाराखडीत आहे. क, का, कि, की : व्यंजन एकच, स्वर तेवढा बदलतो. ध्वनिभानाचा इतका सुंदर तक्ता आपल्या घरात असताना आपण त्याची आरती करून टाकली! मुलाला एकदम 'मू' विचारा. ते म, मा, मि, मी, मु असा सगळा जिना चढून मग मू पाशी पोहोचते. त्यापेक्षा तक्ता कधी आडवा, कधी उभा म्हणावा : का, मा, सा; की, मी, सी. मग 'का मधला क् तसाच ठेव आणि आ च्या जागी ई आण' हा खेळ होतो. दोष बाराखडीचा नाही, घोकंपट्टीचा आहे.

आता हेच पुस्तक केळापूर तालुक्यात नेऊन पाहा. यवतमाळ जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला पांढरकवड्याच्या बाजारात वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी अशा बोली कानावर येतात. पैनगंगेपलीकडे तेलुगू सुरू होते. वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो, ण चा न. डोळा तो डोया, पाणी ते पानी. तालुक्याच्या नावातच ळ, आणि तालुक्याच्या तोंडी य! 'ळ कमळाचा' हे त्या मुलाने कोणत्या कानाने ऐकावे? कोलाम पोडावरच्या मुलाची गोष्ट याहून कठीण. मूळच्या कोलामी शब्दांत ख, घ, भ असे महाप्राण नाहीत. म्हणून गर आणि घर, पळ आणि फळ त्याला प्रथम सारखेच वाटले तर नवल नाही. उलट त्याच्या भाषेत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे भेद आहेत, अर्थ बदलणारे. ते आपल्याला ऐकू येत नाहीत आणि आपल्या बाराखडीत त्यांना घर नाही. मग बहिरे कोण?

त्या मुलाला 'चूक' म्हणण्याने काही साधत नाही. त्याच्या भाषेतल्या शब्दांचे तुकडे त्याच्याकडून टाळ्या वाजवून मोजून घ्यावेत. मग 'गर' आणि 'घर' म्हणून, तोंडापुढे तळहात धरायला लावून, कोणत्या शब्दाला वारा जास्त लागतो हे विचारावे. डोया म्हणणाऱ्याला डोया म्हणू द्यावे, आणि पुस्तकातला माणूस डोळा म्हणतो तो कसा, हे ऐकवावे. पहिलीच्या वर्गात ज्याची जीभ चुकीची ठरते, ते मूल हळूहळू तोंड उघडीनासे होते, आणि न बोलणारे मूल वाचणार तरी कसे?

तेव्हा माझा अभिप्राय असा : अंकलिपी टाकू नये, पण तिच्या आधी एक पुस्तक असावे, ज्याला पाने नसतील. ते तोंडानेच वाचायचे. फराळाला घरात चार मुले जमली की दिवाळीतच त्याचा आरंभ करता येईल.