नावांचा चकवा

रशियन कादंबरी अर्ध्यावर टाकून देणाऱ्या वाचकांची तक्रार बहुधा एकच असते: माणसे फार, आणि प्रत्येकाची नावे तीन-तीन. टॉल्स्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’त पाचशेहून अधिक पात्रे आहेत, हे खरेच. काही जण त्यासाठी वहीत यादी करतात. त्यांची चिकाटी मान्य करूनही मला वाटते, की ही यादी फार काळ हाताशी ठेवू नये. एका माणसासमोर एकच नाव लिहून ती जे पुसून टाकते, तेच लेखकाला सांगायचे असते.

वास्तविक मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव हा क्रम आपलाच. फरक इतकाच, की तिकडे बापाच्या नावाला मुलासाठी ‘ओविच’ आणि मुलीसाठी ‘ओव्हना’ असे शेपूट लागते. मी ह्या कादंबऱ्या वाचल्या त्या भंडारा जिल्ह्यातल्या आसगावात, धानाच्या मुलखात. तिथे एकाच माणसाचे सातबाऱ्यावरचे नाव निराळे, आईच्या हाकेतले निराळे. सुनेचे माहेरचे एक, सासरचे दुसरे. त्यासाठी कुणी वही बाळगत नाही. पोथीत पार्थ, धनंजय, सव्यसाची आले, तरी ऐकणारी म्हातारी अर्जुनाला बरोबर ओळखते.

डोस्टोव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’त (१८६६) आईच्या पत्रातला ‘रोद्या’ आणि तपास करणाऱ्या पोर्फिरी पेत्रोविचच्या तोंडचा ‘रोदिओन रोमानोविच’ हा एकच रास्कोलनिकॉव्ह. पण पहिल्या हाकेत माया आहे, दुसऱ्या अदबीत फास. आणि सगळ्यांची कुंडली जाणणाऱ्या पोर्फिरीला लेखकाने आडनावच दिलेले नाही!

‘अ‍ॅना कारेनिना’त तर नावातच शोकांतिका आहे. नवरा कारेनिन आणि प्रियकर व्रॉन्स्की, दोघेही अलेक्सेई. बाळंतपणानंतरच्या तापात अ‍ॅना हे विचित्र दैव स्वतःच बोलून दाखवते. वाचकाच्या सोयीसाठी केवळ आडनावे ठेवणाऱ्या अनुवादात तिचा हा आकांत नुसती बडबड ठरतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच: पहिली पन्नास पाने नावे मोठ्याने वाचावीत आणि कोण कुणाला काय म्हणून हाक मारतो, तिकडे कान द्यावा. माणसे आपोआप ओळखीची होतात. शेजाऱ्यांची झाली तशीच.