कोरसमधून आलेला आवाज

मराठीत सोल गाणारा गायक कोण, असं कुणी विचारलं तर मी प्रल्हाद शिंदे यांचं नाव घेईन. मग समोरचा म्हणणार, ते तर भक्तिगीतवाले. म्हणणाऱ्याची चूक नाही. आपण गाण्यांना खण पाडून ठेवले आहेत: अभंग एका खणात, भीमगीत दुसऱ्यात, कव्वाली तिसऱ्यात, आणि विदेशातलं जे काही असेल ते माळ्यावर. पण अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी चर्चमध्ये देवाला घातलेली साद पुढे बाहेर रस्त्यावर आली, रोजच्या दुःखाला जाऊन भिडली, आणि तिला सोल म्हणू लागले. एकाने आळवायचं, बाकीच्यांनी ते उचलायचं, ही तिची मूळ रीत. आता प्रल्हाद शिंदे ऐका. फरक भाषेचा आणि वाद्यांचा सापडेल, रीत तीच आहे.

गोंदिया जिल्ह्यात हा आवाज घरचा आहे. खरं तर तसं व्हायला नको होतं. शिंदे घराणं मूळचं मंगळवेढ्याचं, म्हणजे सोलापूरकडचं. त्यांची बोली आमच्या झाडीबोलीपासून लांबची, त्यांची वारीही लांबची. इथल्या सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीतून पंढरपूरला पायी जाणारे किती निघतील? तरीही दिवाळीनंतर धानाच्या कापणीच्या दिवसांत मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं उभी राहतात, रात्रीच्या नाटकाचा तंबू पडतो, आणि प्रयोगाआधी भोंग्यावर जी गाणी लागतात त्यांत प्रल्हाद शिंदे हमखास असतात. आषाढीला असतात, 14 एप्रिललाही असतात. याचं कारण मला भक्तीत सापडत नाही, कानाच्या सवयीत सापडतं. आमच्याकडचा कान एकट्या गळ्यावर पोसलेला नाही. खडी गंमतीत शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात आणि शाहिराने सोडलेला शब्द खाली पडू देत नाहीत. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं गावागावांतल्या गुरुदेव सेवा मंडळांनी सगळ्यांनी मिळून म्हणायची केली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडाला महाशिवरात्रीची यात्रा भरते. तिथे महादेवही आहे आणि दर्गाही आहे, म्हणून भजन आणि कव्वाली यांत फार अंतर आहे असं इथल्या माणसाला कधी वाटलंच नाही. असा कान प्रल्हाद शिंद्यांच्या गाण्यात लगेच काय ओळखतो, तर मागचा कोरस. तो शोभेला ठेवलेला नाही, गाण्याचं अर्धं ओझं त्याच्या खांद्यावर आहे.

ते ओझं उचलायला प्रल्हाद शिंदे स्वतः शिकले होते. त्यांची सुरुवात इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसमध्ये झाली. 1958 च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातल्या ‘हमें तो लूट लिया’ने देशभर गाजलेले हे आझाद. कव्वालीच्या पार्टीत मागे बसणं म्हणजे काय, हे बैठकीचं गाणं ऐकणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पुढचा कव्वाल ओळ सोडतो तेव्हा त्याचा श्वास संपायच्या आत ती उचलायची. टाळी हातात, सूर गळ्यात आणि डोळे कव्वालाच्या बोटांवर. त्याने शेर लांबवला तर थांबायचं, अचानक मुखड्यावर आला तर एका झटक्यात सगळ्यांनी येऊन पडायचं. आवाज कमी पडला तर पार्टी पातळ होते, जास्त झाला तर कव्वाल झाकला जातो. तिथे कुणी तुमचं नाव घेत नाही. रात्रभर तुम्ही दुसऱ्याच्या गाण्याला खांदा देता. मला वाटतं, प्रल्हाद शिंद्यांच्या गायकीची सगळी घडण या जागेवर झाली. पुढे ते स्वतः मुख्य गायक झाले, स्वतःची पार्टी उभी केली, त्यांच्या गाण्यांच्या रेकॉर्डी आणि कॅसेटी घरोघर गेल्या. पण गाताना त्यांना मागच्या माणसांचा विसर कधी पडला नाही.

‘पाऊले चालती पंढरीची वाट’ घ्या. इतकं ऐकलेलं गाणं पुन्हा ऐकायला सांगणं धाडसाचंच. दत्ता पाटलांची ही रचना शब्दांनी वाचली तर तिच्यात एक विसंगती दिसते. मुखडा सांगतो, सुखाच्या संसाराची गाठ सोडून पावलं निघाली. अंतरे मात्र सांगतात की सुख नव्हतंच. दारिद्र्याने गांजलेलं घर आहे, ताट भाकरीवाचून रिकामं आहे, सगेसोयरे तोंड फिरवून गेले आहेत. मग हा माणूस नक्की सोडून काय निघाला? कागदावर या प्रश्नाला उत्तर नाही, गळ्यात आहे. मुखड्यातला सुखाचा उल्लेख प्रल्हाद शिंदे अजिबात गोडावून गात नाहीत. तिथे आवाज कोरडा, जवळजवळ हिशेबी राहतो; पाठ असलेलं वाक्य उच्चारावं तसा. आणि अंतऱ्यात रिकाम्या ताटापाशी आले की आवाज वर चढतो, कडा फाटल्यासारखी उघडी पडते. दुसरा एखादा गायक इथे हमखास हळवा झाला असता, आवाज खाली आणून हुंदका दिला असता. हे उलट करतात: दुःख जितकं खासगी, तितकं ते मोठ्याने सांगतात. गरिबाला खाजगी दुःख परवडत नाही, ते सगळ्या आळीला माहीत असतं. त्यामुळे त्याची लाज न बाळगता ते चव्हाट्यावर मांडणं हाच त्यातला आब. आणि मांडून होताच कोरस मुखडा उचलतो. एकट्याच्या घरातली भाकर आता दिंडीची झाली. ज्या सुखाचा उल्लेख मघाशी खोटा वाटला, तो दहा गळ्यांतून आला की खरा वाटू लागतो. विसंगती मिटवली ती चालीने किंवा शब्दांनी नव्हे, माणसांच्या संख्येने.

‘चंद्रभागेच्या तीरी’ची तऱ्हा वेगळी. तिथे दुःखाचा लवलेश नाही, हात करून दाखवण्याचा आनंद आहे. मुखड्यातले ईकारान्त शब्द एकामागोमाग येतात आणि प्रल्हाद शिंदे प्रत्येक ई किंचित ताणून पुढच्या शब्दावर टेकवतात. गर्दीत लेकराला खांद्यावर घेऊन, तो बघ, म्हणणारा बाप जसा बोलेल, तशी ती लय. ताना नाहीत, मुरक्या मोजक्या. तालीम न झालेला गळा म्हणून काही जाणकार याला कमी लेखतात. त्यांनी एकदा ही गाणी स्वतः त्या पट्टीत म्हणून पाहावीत. वरच्या पट्टीत शब्द स्वच्छ ठेवणं, तेही मागे ढोलक आणि टाळ पेटलेले असताना, ही साधी कमाई नाही.

वरच्या पट्टीवरून मला हटकून लेव्ही स्टब्ज आठवतात. डेट्रॉइटच्या फोर टॉप्स या चौघांच्या गटातले मुख्य गायक. 1953-54 च्या सुमारास एकत्र आलेले हे चौघे 1997 मध्ये लॉरेन्स पेटन यांचं निधन होईपर्यंत एकही माणूस न बदलता गात राहिले. चार दशकांहून जास्त. स्टब्ज यांचा आवाज मुळात खालच्या पट्टीचा, भरदार. मोटाऊन कंपनीचे गीतकार-संगीतकार हॉलंड, डोझियर आणि हॉलंड त्यांच्यासाठी मुद्दाम वरच्या पट्टीत चाली बांधत, म्हणजे सूर गाठताना गळ्यावर ताण यावा आणि तो ऐकणाऱ्याला जाणवावा. 1966 चं त्यांचं ‘रीच आउट आय विल बी देअर’ ऐकलं तर हा माणूस गात नाही, धरण फुटल्याची वर्दी देतो आहे असं वाटतं. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्या काळी मोटाऊनमध्ये मुख्य गायकाचं नाव गटाच्या नावाआधी लावायची पद्धत पडली होती. डायना रॉस यांचं लागलं, स्मोकी रॉबिन्सन यांचं लागलं. स्टब्ज यांनी ते नाकारलं. शेवटपर्यंत नाव चौघांचंच राहिलं. (जाता जाता: त्या चौघांतले ड्यूक फकीर यांचे वडील पूर्व बंगालातून अमेरिकेत गेलेले. म्हणजे त्या कोरसमध्ये आपल्या उपखंडाचाही एक सूर होता.)

प्रल्हाद शिंद्यांची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली. त्यांचं नाव पुढे लागलं, आणि लागायलाच हवं होतं. गावकुसाबाहेरच्या ज्या समाजाच्या माणसांना नाव घेऊन हाक मारायची पद्धत नव्हती, त्यातल्या गायकाचं नाव रेकॉर्डवर छापलं जाणं ही लहान गोष्ट नव्हे. मंगळवेढा हे चोखामेळ्याचंही गाव. चोखोबांना देवळात जागा नव्हती. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी, दाराबाहेर. विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले ते 1947 मध्ये. 1933 साली जन्मलेले प्रल्हाद शिंदे तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचे. त्या मुलाने पुढे गायलेल्या गाण्यांवाचून आज आषाढीची सकाळ उजाडत नाही. याला काव्यगत न्याय वगैरे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला त्यात न्यायापेक्षा कष्ट जास्त दिसतात.

आणि पेचही दिसतो. हाच गळा भीमगीतं गातो, आणि सत्यनारायणाची कथाही गातो. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञा ज्या घरांच्या भिंतीवर लावलेल्या असतात, त्या घरांत या गोष्टीवरून नाराजी निघणं स्वाभाविक आहे. आमच्या भागात तर ती जरा जास्तच निघते. 1954 मध्ये बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले तो मतदारसंघ भंडारा. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला तो 1999 मध्ये. ती हार इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून निघते. मला मात्र सत्यनारायणाच्या कथेत प्रल्हाद शिंदे ऐकताना एक गोष्ट जाणवते: त्यांचा गळा तिथे पुजाऱ्याचा होत नाही. ते कथा सांगतात ती शाहिरासारखी; साधू वाणी आणि लाकूडतोड्या ही त्यांच्यासाठी गोष्टीतली माणसं असतात. लाकूडतोड्याकडे कल जरा जास्तच. व्यावसायिक गायकाने कंपनीने दिलेलं काम केलं, यापलीकडे त्यातून मोठा निष्कर्ष काढू नये, आणि समर्थनही करत बसू नये. भीमगीतांत त्याच गळ्याला वेगळी धार येते. तिथे आळवणी नसते, देवाकडे मागणं नसतं. माहिती देणारा, ठासून सांगणारा सूर असतो. आळवणारा आणि ठासणारा हे दोन्ही स्वर एकाच माणसाकडे इतके अस्सल असणं दुर्मीळ.

सगळंच उत्तम आहे असंही नाही. गाण्यांचा ढीग मोठा, आणि त्यात घाईत उरकलेली, ठरावीक यमकांवर चाललेली गाणी पुष्कळ. काही ध्वनिमुद्रणांत आवाजावर इतका घुमारा चढवला आहे की मूळ गळ्याची खरखर, म्हणजे नेमकं जे ऐकायचं तेच, धुऊन निघालं. ती बाजूला ठेवली तरी उरतं ते भरपूर आहे.

2004 मध्ये प्रल्हाद शिंदे गेले. त्याच वर्षी भीमगीतांचे शाहीर वामनदादा कर्डकही गेले. पार्टी मात्र थांबली नाही, घरात राहिली. मुलगे आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी ‘नवीन पोपट’ या गाण्याच्या काळात तो आवाज लग्नाच्या मांडवात आणि मिरवणुकीत नेला, नाक मुरडणाऱ्यांनी मुरडलं. नातू आदर्श शिंदे यांनी ‘दुनियादारी’ चित्रपटात 2013 मध्ये ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ गायलं, आणि ज्यांनी कधी कव्वालीची पार्टी पाहिली नाही अशा मुलांनीही त्या वरच्या पट्टीतली कळ ओळखली. तीन पिढ्या एकच स्वर घेऊन उभ्या आहेत. आनंद शिंदे यांचा आवाज वडिलांपेक्षा रुंद आणि ठसठशीत, आदर्श यांचा जास्त घोटलेला. प्रल्हाद शिंद्यांची ती उघडी पडलेली कडा दोघांत अधूनमधून दिसते, कायम नाही.

एक मागणी करून थांबतो. रेकॉर्डवर मुख्य गायकाचं नाव असतं, पुढे ‘आणि पार्टी’. त्या पार्टीतले बहुतेक गळे नावाविनाच गेले. आमच्या जिल्ह्यात आजही मंडईला, भीमजयंतीला, यात्रेला कव्वालीच्या आणि खडी गंमतीच्या पार्ट्या येतात. त्यांना बोलावणाऱ्या मंडळांनी यंदाच्या हँडबिलावर कव्वालाच्या आणि शाहिराच्या नावाखाली कोरसची, झीलकऱ्यांची, ढोलकवाल्याची आणि बेंजोवाल्याची नावंही छापावीत. छपाईचा खर्च दोन ओळींनी वाढत नाही, आणि त्यांतलाच एखादा गळा उद्याचा प्रल्हाद शिंदे असू शकतो.