व्यवहारातील शब्द आणि धम्मदृष्टी : एक आक्षेप व एक अतिरेक

भोकर तालुक्यातील धम्मबांधवांच्या लग्नपत्रिका, पुण्यानुमोदनाची निमंत्रणे व चौकांतील अभिवादनाचे फलक यांच्या भाषेवर सांप्रत दोन बाजूंनी टीका होताना आढळते. पहिली टीका बाहेरची आहे. तुम्ही ईश्वर मानीत नाही, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा म्हणता, मग ठेच लागली की तुमच्या तोंडून 'अरे देवा' कसे निघते? गुरुवार, शनिवार ही ग्रहांची नावे तुम्हांस कशी चालतात? दुसरी टीका घरची आहे. आमच्यातील काही उत्साही कार्यकर्ते छपाईपूर्वी मजकूर तपासतात, 'श्रद्धांजली' खोडून 'आदरांजली' लिहितात आणि अनवधानाने 'राम राम' म्हणणाऱ्या वृद्ध उपासकास सर्वांदेखत टोकतात. पहिला आक्षेपक आम्हांस दांभिक ठरवितो, दुसरा आम्हांस कच्चे ठरवितो. परंतु दोघांचे गृहीतक एकच आहे : शब्द जेथून आला, तेथील श्रद्धा तो बरोबर घेऊन येतो. या गृहीतकाची परीक्षा पालि वाङ्मयाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक छोटा प्रसंग आहे. धम्मदेशना चालू असता तथागतांस शिंक आली. भिक्खूंनी 'भगवान जगोत' असा एकच गलबला केला आणि देशनेत खंड पडला. तथागतांनी विचारले, शिंकेवर कोणी 'जग' म्हटल्याने माणूस जगतो अथवा मरतो काय? भिक्खूंनी 'नाही' असे उत्तर दिले. तेव्हा असे म्हणण्यास मनाई झाली. येथवर हा प्रसंग आमच्या विवेकवादी मित्रांस फार आवडतो आणि बहुतेक वेळा ते येथेच थांबतात. पण कथा पुढे जाते. भिक्खू शिंकले की गृहस्थ त्यांना 'जीवथ भन्ते' म्हणत. नियमाच्या धाकाने भिक्खू गप्प राहत. लोकांस वाईट वाटले. हे श्रमण साध्या सदिच्छेला उत्तर देत नाहीत, अशी कुजबूज सुरू झाली. तेव्हा तथागतांनी सांगितले की गृहस्थ मंगल मानणारे असतात, त्यांना उलट 'चिरं जीव' म्हणण्यास हरकत नाही.

दोन्ही आज्ञा एकाच मुखातून, एकाच समजुतीविषयी आहेत. पहिलीत समजुतीचा पोकळपणा दाखविला आहे, दुसरीत माणसाचे मन राखले आहे. समजूत खरी आहे, असे तथागत दुसऱ्या वेळीही म्हणाले नाहीत.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की पत्रिकेवरील 'चि.' म्हणजे हाच शब्द होय. तो 'जुना' म्हणून आम्ही काढला व त्या जागी 'आयु.' घातले. 'आयस्मा' हे पालि संबोधन महापरिनिब्बान सुत्तात वडील भिक्खूंसाठी सांगितले आहे, म्हणून हा बदल आम्हांस प्रियच आहे. परंतु 'आयुष्मान्' याचाही अर्थ दीर्घायुषी असाच होतो, आणि अभिवादनास उत्तर म्हणून हाच आशीर्वाद द्यावा असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला, त्यातही आढळणारा शब्द आज आमच्या प्रत्येक पत्रिकेवर आहे. त्याने पत्रिका बाटत नाही. (पत्रिकांत तो 'आयुष्यमान' असा छापतात, तो मात्र सुधारावा.)

लोकव्यवहारातील शब्दांविषयी सिद्धान्तरूप विवेचनही उपलब्ध आहे. दीघनिकायाच्या पोट्ठपाद सुत्तात, लोकांत रूढ असलेली नावे व बोलण्याच्या रीती तथागत वापरतात, पण त्यांना चिकटून राहत नाहीत, असा खुलासा येतो. मज्झिमनिकायाच्या अरणविभंग सुत्तात जनपदाच्या बोलीचा हट्ट धरू नये आणि रूढ नाव ओलांडून धावू नये, असे दोन्ही सांगितले आहे. उदाहरण भांड्याचे आहे : त्याच वस्तूस कोठे 'पाति', कोठे 'पत्त', कोठे 'सराव' म्हणतात, जेथे जे चालते तेथे ते म्हणावे. भोकरसारख्या गावास हे नव्याने सांगण्याचे कारण नाही. मराठी, तेलुगू, दक्खिनी व गोरमाटी कानांवर घेत येथील बाजार भरतो. कामाचा आरंभ कोणी 'श्रीगणेशा' म्हणून करतो, कोणी 'बिस्मिल्ला' म्हणून. 'ओनामा' म्हणणाऱ्यास तो 'ॐ नमः सिद्धम्'चा अपभ्रंश असल्याचे ठाऊकही नसते. आरोग्य खाते पिढ्यान्‌पिढ्या 'देवी' टोचीत होते, आणि १९८० साली तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. लस टोचणाऱ्यास देवीभक्त म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शब्द बदलावा की अर्थ, हा प्रश्न आमच्या परंपरेत जुना आहे. महात्मा फुले यांनी 'देव' बाजूस सारून 'निर्मिक' हा शब्द आणला. विश्वकर्त्याची कल्पना मात्र त्यांनी सोडली नाही. तथागतांचा मार्ग बहुधा उलट दिसतो. 'ब्राह्मण' शब्द त्यांनी ठेवला, पण जन्म काढून तेथे आचरण बसविले. धम्मपदाचा शेवटचा वग्ग त्यासाठीच आहे. कूटदन्त सुत्तात 'यज्ञ' ठेवला, पशुवध काढला, आणि पायरीपायरीने दान, सरण व शील यांना श्रेष्ठ यज्ञ ठरविले. दोन्ही मार्गांस आपापले स्थान आहे. आम्ही मात्र कधीकधी तिसराच मार्ग धरतो : शब्द बदलतो आणि अर्थाकडे पाहतच नाही.

'श्रद्धांजली'चेच पाहा. 'श्रद्धा'तून 'श्राद्ध' झाले म्हणून आम्ही तो शब्द टाकला. पण पंच इंद्रियांत पहिले इंद्रिय 'सद्धा' हेच आहे. 'कालकथित'ची गोष्ट याहून विचित्र आहे. पालित मृतास 'कालकत' म्हणतात, म्हणजे ज्याने काल केला तो. 'कत' म्हणजे 'कृत'. त्याचा 'कथित'शी काही संबंध नाही. 'काळाने सांगितलेला' या अर्थहीन शब्दाखाली आमच्या वाडवडिलांची छायाचित्रे छापली जातात. 'दिवंगत' नको, कारण त्यात स्वर्ग आहे, हे आम्ही समजू शकतो. मग सरळ 'स्मृतिशेष' लिहावे, अथवा 'कालकत' लिहावे.

बाहेरच्या आक्षेपकाच्या 'नास्तिक' या शब्दाविषयी थोडे. पाणिनीच्या सूत्रावरील वृत्तीनुसार परलोक नाही असे मानणारा तो नास्तिक. मनूच्या मते वेदनिंदक तो नास्तिक. सामञ्ञफल सुत्तातील अजित केसकम्बलीचे मत, दान व कर्म यांना फळ नाही हे, पालि परंपरा 'नत्थिकवाद' म्हणून मिथ्यादृष्टीत घालते. मनूच्या अर्थाने आम्ही नास्तिक आहोत, अजिताच्या अर्थाने नाही. आक्षेपकाने आधी शब्द निवडावा, मग आम्हांस लावावा.

तथापि सर्वच शब्द झिजलेले नाणे नसतात. काही अजून धारदार आहेत, आणि तेथे कार्यकर्त्यांचा राग रास्त आहे. 'जोहार' हा केवळ नमस्कार नव्हता, तो खाली वाकण्याचा हुकूम होता. त्यास 'जय भीम' हे उत्तर होते. २७ जुलै १९७८ च्या नामांतर ठरावानंतर नांदेड व परभणी जिल्ह्यांतील वस्त्या जळल्या, तेव्हा या उत्तराची किंमत काय असते हे येथील लोकांनी पाहिले आहे. म्हणून वृद्ध उपासकाच्या 'राम राम'ला आम्ही 'जय भीम' म्हणूनच, हसतमुखाने, उत्तर देतो. त्याला टोकत नाही. 'विटाळ' व 'बाटणे' यांचेही तसेच. २० मार्च १९२७ नंतर चवदार तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले, ते याच शब्दांच्या जोरावर. वरील परिच्छेदात पत्रिका 'बाटत नाही' असे आम्ही लिहिले, ते वाचताना ज्यांचा कान टोचला त्यांचा कान शाबूत आहे.

आता पुन्हा लग्नपत्रिका घ्यावी. 'श्रद्धांजली' खोडणाऱ्या हातांनी तपासलेल्या कित्येक पत्रिकांत वर 'आयु.' असतो आणि वधू 'चि. सौ. कां.' असते. सौभाग्यकांक्षिणी म्हणजे नवऱ्याच्या जीविताची आकांक्षा धरणारी. या शब्दाची दुसरी बाजू 'गं. भा.' आहे, ओटीभरणातून व हळदीकुंकवातून वगळली जाणारी स्त्री आहे. 'अरे देवा'ने कोणास पंगतीतून उठविले नाही, 'सौ.'ने उठविले आहे. भोकरच्या छापखान्यांत पत्रिकेचा नमुना संगणकावर तयार असतो, नावे तेवढी बदलतात. विहार समितीने त्या नमुन्यात वधूच्या नावामागे 'आयुष्मती' घालून घ्यावे, आणि वराच्या विधवा मातेचे नाव निमंत्रकांत पहिल्या ओळीत छापावे.