उसनी आठवण

‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३) यांचे नाव निघाले की आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी हळवी होतात. त्यातल्या शेरवानी, नकाब, शेरोशायरीची मोहिनी नाकारता येत नाही. पण ते लखनौ नवाबांचे. घरात उर्दू आणि वर्ध्याच्या बाजारात वऱ्हाडी बोलणारा नालवाडीचा कष्टकरी मुसलमान त्या पडद्यावर कुठे होता? एम. एस. सथ्यूंच्या ‘गर्म हवा’ने (१९७३) फाळणीनंतरचे आग्र्यातले जोडे बनवणारे कुटुंब दाखवले: सुटलेली हवेली, भाड्याच्या घराचा शोध, नाकारलेले कर्ज, मोडलेली लग्ने. तो आपल्या गप्पांत क्वचितच येतो. उर्दू शाळेतल्या मुलांना दोन्ही प्रकारचे चित्रपट जरूर दाखवावेत. मात्र जे वैभव आपले कधी नव्हतेच, त्यासाठी उसासे टाकायला शिकवू नये.