‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि परकीय युद्धांविषयीचे डावे मतभेद : डहाणू-तलासरीच्या संदर्भात एक पुनर्वाचन

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मौज प्रकाशन गृहाने १९७० साली प्रसिद्ध केले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वारली समाजाच्या जागृतीची कहाणी म्हणून ते वाचण्याची प्रथा मराठी समीक्षेत रूढ आहे. वेठबिगार, लग्नगडी, सावकाराच्या वाड्यावरील मारझोड आणि या सर्वांविरुद्ध लाल बावट्याखाली झालेले संघटन हा या पुस्तकाचा गाभा होय. हे वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. ज्या वर्षांत हे संघटन आकारास आले ती दुसऱ्या महायुद्धाची वर्षे होती, आणि त्या युद्धाविषयी लेखिकेच्या पक्षाने घेतलेली भूमिका अत्यंत वादग्रस्त ठरली होती. या वादाला पुस्तकात मध्यवर्ती स्थान नाही. आंदोलन उभे राहण्यामागे मात्र त्याचा मोठा वाटा आहे.

१९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा कम्युनिस्टांच्या लेखी ते साम्राज्यवाद्यांचे आपापसातील युद्ध होते. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईतील सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला. युद्धविरोधी प्रचारामुळे परुळेकर दांपत्यास १९४० ते १९४२ या काळात कारावास भोगावा लागला. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि काही महिन्यांतच पक्षाची भूमिका बदलली. कालचे साम्राज्यवादी युद्ध आज ‘लोकयुद्ध’ झाले. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरील बंदी उठविली. पुढच्याच महिन्यात गवालिया टँकवरून ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि पक्षाने त्या लढ्यास विरोध केला. सातारा भागात प्रतिसरकार लढत असताना, समाजवादी भूमिगत असताना, कम्युनिस्ट मात्र उघडपणे सभा घेत होते. महाराष्ट्रातील काही कार्यकर्त्यांना हे पटले नाही. ते पक्षाबाहेर पडले आणि त्यांच्यातूनच पुढे लाल निशाण गट उभा राहिला. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या अनुयायांनी तर युद्धास पाठिंबा देण्यासाठी सोव्हिएत संघावरील हल्ल्याची वाटही पाहिली नव्हती. सारांश, एकाच विचारकुळातील माणसे एकाच युद्धाकडे पाहून किमान तीन निष्कर्षांवर आली होती.

या पार्श्वभूमीवर वारली आंदोलनाचा कालक्रम पाहिला पाहिजे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली आणि तीत उंबरगाव तालुक्यातील मोजके वारली उपस्थित राहिले. आजच्या तलासरी तालुक्यातील गावे त्या वेळी उंबरगाव तालुक्यात मोडत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली व वेठ न करण्याचा निर्धार झाला. जर्मनीने शरणागती पत्करल्याला तेव्हा जेमतेम पंधरवडा उलटला होता. प्रश्न असा की, १९४२ ते १९४५ या काळात परुळेकर तुरुंगात असते, किसान सभेवर काँग्रेसप्रमाणेच दडपशाही झाली असती, तर टिटवाळ्याची परिषद भरली असती काय? उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. ज्या धोरणामुळे पक्षावर देशद्रोहाचा आरोप झाला, त्याच धोरणाने डहाणू-तलासरीच्या पाड्यांपर्यंत जाण्याची मोकळीक दिली. ही गोष्ट पक्षाच्या समर्थकांना तशीच टीकाकारांनाही अडचणीची आहे. बहुधा म्हणूनच दोघेही तिच्याविषयी फारसे बोलत नाहीत.

मात्र ही मोकळीक अल्पजीवी ठरली. जपानने २ सप्टेंबर १९४५ रोजी शरणागतीवर सह्या केल्या. पावसाळा सरताच गवतकापणीच्या मजुरीसाठी संप सुरू झाला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे खोट्या निरोपावरून जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. ज्या सरकारच्या युद्धास पक्षाने साथ दिली, त्याच सरकारची गोळी सहा आठवड्यांच्या आत पक्षाच्या अनुयायांना लागली. यापुढे काँग्रेसचे खेर मंत्रिमंडळ आले. मोरारजी देसाई गृहमंत्री होते. १९४६ च्या अखेरीस परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले आणि जानेवारी १९४७ मध्ये पुन्हा गोळीबार झाला. तेव्हा सरकार कोणाचे, या एका कसोटीवर वारल्यांचा अनुभव मोजता येत नाही.

लेखिकेच्या निवेदनाचे सामर्थ्य आणि मर्यादा या ठिकाणी एकत्र दिसतात. पाड्यावरच्या माणसाची भीती, त्याचे तुटक बोलणे, परक्या शहरी बाईविषयी त्याला वाटणारा संशय हे सारे ती अलंकाराविना सांगते. पाड्यावरून दिसते तेवढेच जग सांगण्याचा हा संयम वाङ्मयीन दृष्ट्या योग्यच होय. वारल्याचे युद्ध सावकाराशी होते. स्टालिनग्राड त्याच्या क्षितिजावर नव्हते. परंतु निवेदिका वारली नाही. ती कायद्याची पदवीधर, भारत सेवक समाजातून आलेली, युद्धविरोधासाठी तुरुंगवास भोगलेली पक्षकार्यकर्ती आहे. तिच्या क्षितिजावर स्टालिनग्राड निश्चितच होते. वारल्याचे अज्ञान आणि निवेदिकेचे मौन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि समीक्षेने त्या एक मानल्या आहेत.

१९५५ साली अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशन डहाणू येथेच भरले आणि अध्यक्षपदी निवड झाली ती प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांची. बेचाळीसचा भूमिगत सेनानी बेचाळीसला विरोध करणाऱ्या पक्षाच्या शेतकरी संघटनेचा अध्यक्ष झाला. जमिनीचा प्रश्न समोर येताच युद्धविषयक भांडण मागे पडू शकते, याचा याहून ठसठशीत पुरावा महाराष्ट्रात मिळणे अवघड.

ते भांडण कायमचे मिटले होते असे मात्र नव्हे. १९६२ च्या चीन युद्धाने ते अधिक कडवटपणे उफाळले. १ नोव्हेंबर १९६२ रोजी पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चिनी आक्रमणाचा निषेध करून नेहरू सरकारला पाठिंबा दिला. पाश्चात्त्य देशांकडून शस्त्रे घ्यावीत काय, घेतल्यास अलिप्ततेचे काय, हे प्रश्नही तेव्हाच ऐरणीवर आले. अध्यक्ष डांगे एका बाजूस राहिले, तर परुळेकर दुसऱ्या. १९६४ साली पक्ष दुभंगला. सोव्हिएत-चीन वाद आणि काँग्रेसविषयीचे धोरण हीदेखील फुटीची कारणे होती. केवळ युद्धावर सारा भार टाकणे अन्यायाचे ठरेल. या वर्षांत परुळेकर पती-पत्नींना पुन्हा बंदिवास घडला व शामराव १९६५ साली बंदिवासातच निवर्तले.

पुस्तक त्यानंतर पाच वर्षांनी आले. देशद्रोहाचा आरोप दोनदा सोसलेल्या लेखिकेने त्या आरोपास प्रत्युत्तर देण्याऐवजी वारल्यांची साक्ष पुढे केली, असे म्हणता येईल. ही निवड प्रभावी आहे; पण ती निवड आहे, याची जाणीव वाचकास असली पाहिजे. १९७० च्या वाचकास लोकयुद्ध आणि चीन युद्ध यांचे संदर्भ सांगावे लागत नव्हते. २०२२ पासून युक्रेनला शस्त्रे पुरवावीत की नाही यावर जगभरच्या डाव्यांत जी फाटाफूट झाली, ती पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यास मात्र ते सांगावे लागतात. त्यामुळे वर्गात हे पुस्तक शिकविताना टिटवाळ्याच्या परिषदेआधी १९३९ चा युद्धविरोधी संप आणि जुलै १९४२ चा बंदी उठविण्याचा निर्णय या दोन घटना क्रमाने मांडणे आवश्यक ठरते.