कॅडमनचे मौन आणि इंग्रजी काव्याचा ‘आरंभ’

इंग्रजी वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत कॅडमनचा निर्देश ‘पहिला इंग्रजी कवी’ असा होतो आणि आपल्याकडील विद्यार्थीही हे बिरुद विनातक्रार स्वीकारतात. ते सर्वस्वी खोटे आहे असे नाही. ज्याचे नाव आणि रचना दोन्ही टिकली असा त्याच्या आधीचा इंग्रजी कवी ज्ञात नाही. परंतु ज्या कथेवर हे बिरुद उभे आहे, ती कथाच त्या ‘पहिलेपणा’ला छेद देते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कथा सांगणारा बीड हा नॉर्थंब्रियातील मठवासी इतिहासकार. इंग्रज लोकांचा धर्मेतिहास त्याने ७३१ मध्ये पूर्ण केला, तोही लॅटिनमध्ये. हिल्ड ही मठाधिकारिणी (६५७–६८०) असताना व्हिटबीच्या मठात कॅडमन गुरे सांभाळीत असे. मेजवानीत हार्प हातोहात फिरू लागले की आपली पाळी येण्यापूर्वीच तो उठून जाई, कारण त्याला एकही गाणे येत नव्हते. अशाच एका रात्री, गोठ्यात झोपला असता, स्वप्नातील पुरुषाने त्याला सृष्टीच्या निर्मितीविषयी गावयास सांगितले आणि त्याने पूर्वी कधी न ऐकलेली पदे गाइली.

या कथेत चमत्काराइतकीच मेजवानीही महत्त्वाची आहे. तेथे सर्वांना गाता येते, एकट्या कॅडमनला येत नाही. म्हणजे इंग्रजी काव्य त्याच्या आधी होतेच, आणि इतके सार्वत्रिक होते की गाता न येणे हीच उठून जाण्याजोगी गोष्ट ठरावी. ती गाणी कोणती, हे बीड सांगत नाही. त्याच्या ग्रंथाला त्यांचे प्रयोजन नाही. इतिहासात ‘पहिला’ ठरतो तो नेमका गाणी न येणारा मनुष्य, कारण मठाला नोंदवावेसे वाटले ते त्याचेच गाणे. (त्याचे नावही बहुतेक अभ्यासक केल्टिक मूळाचे मानतात, हा आणखी एक विरोधाभास.) त्याच्या स्तोत्रात ईश्वरासाठी योजलेला एक प्रमुख शब्द मुळात योद्ध्यांच्या पथकाच्या नायकासाठी होता. मेजवानीतील भाषा अशा रीतीने मागील दाराने स्तोत्रात शिरलेली दिसते.

दुसरी अडचण संहितेची आहे. बीड स्तोत्राचा केवळ लॅटिन आशय देतो आणि शब्दांचा क्रम आपण दिलेला नाही, कविता शब्दशः भाषांतरित केली तर तिच्या सौंदर्याची हानी होते, असे बजावतो. इंग्रजी नऊ ओळी आढळतात त्या त्याच्या ग्रंथाच्या हस्तलिखितांच्या कडेला: केंब्रिजच्या सुमारे ७३७ च्या प्रतीत शेवटच्या पानावर, सेंट पीटर्सबर्गच्या प्रतीत खालच्या समासात. म्हणजे इंग्रजी काव्याचा ‘आरंभ’ आपल्याला भेटतो तो लॅटिन ग्रंथाची टीप म्हणून. या ओळी मूळ नसून बीडच्या लॅटिनवरून उलट भाषांतरित केलेल्या असाव्यात, अशीही शंका घेतली गेली आहे. मला ती पटत नाही. प्रतींमधील पाठभेद (कुठे ‘माणसांची लेकरे’, कुठे ‘पृथ्वीची लेकरे’) गाणाऱ्या-ऐकणाऱ्या परंपरेची सवय दाखवितात. कॅथरीन ओब्रायन ओकीफ यांनी १९९० मध्ये अशा पाठभेदांची संगती मौखिकता व लेखन यांच्या संधिकालीन साक्षरतेशी लावली. तो मार्ग अधिक फलदायी आहे. मात्र शंका घेता येते, हीच त्या मूळाची स्थिती आहे.

पुढे बीडच्या ग्रंथाचा प्राचीन इंग्रजीत अनुवाद झाला, तेव्हा स्तोत्र समासातून मुख्य मजकुरात आले आणि भाषांतरातील हानीविषयीचे वाक्य गळाले. हा अनुवादक आणखीही दोन ठिकाणी भर घालतो. बीडच्या लॅटिनमध्ये कॅडमनचे गुरू त्याचे श्रोते बनतात. अनुवादात ते त्याच्या मुखातून ऐकून लिहूनही घेतात. बीड म्हणतो, हार्प जवळ येताना पाहून कॅडमन मेजवानीतून उठे. अनुवादक म्हणतो, तो लाजेने उठे. ही लाज लॅटिनमध्ये नव्हती. ती इंग्रजीने आपल्या पहिल्या कवीला, त्याची कथा स्वतःच्या भाषेत सांगताना, दिली.