‘ऑम्फॅलॉस’चा युक्तिवाद आणि त्याचे खरे खंडन

फिलिप हेन्री गॉस (१८१०–१८८८) यांच्या ‘ऑम्फॅलॉस’ या ग्रंथाचा उल्लेख आज बहुधा उपहासानेच होतो. विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्या झगड्यात श्रद्धेने रचलेला एक हास्यास्पद व्यूह, अशी त्याची ख्याती. ती मुख्यतः ग्रंथकाराचे पुत्र एडमंड गॉस यांच्या ‘फादर अँड सन’ (१९०७) या आत्मकथनाने दृढ केली. तिची फेरतपासणी अवश्य आहे.

ग्रंथ १८५७ साली, डार्विनच्या ‘ओरिजिन’पूर्वी दोन वर्षे, प्रसिद्ध झाला. गॉस हे सागरी जीवांचे सूक्ष्म निरीक्षक होते; १८५६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले होते. त्याचबरोबर प्लिमथ ब्रदरेन पंथाचे अनुयायी या नात्याने बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीची कथा त्यांना अक्षरशः मान्य होती. भूगर्भशास्त्राने मात्र पृथ्वीचे अतिप्राचीनत्व सिद्ध करीत आणले होते.

गॉस यांचा युक्तिवाद असा : सजीवसृष्टी चक्राकार आहे, बीजापासून वृक्ष, वृक्षापासून बीज. या चक्रात निर्मितीचा क्षण कोठेही पडो, निर्मित वस्तू न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा घेऊनच येणार. पहिल्या वृक्षाच्या खोडात वार्षिक वलये असणार. पाणघोड्याचे दात झिजल्यावाचून जबडा मिटत नाही. म्हणून पहिल्या पाणघोड्याचे दातही झिजलेलेच असणार. आदामालाही नाभी असणार (ग्रंथाच्या ग्रीक नावाचा अर्थ तोच). मग खडकांतील जीवाश्म तरी याहून वेगळे का मानावेत?

या युक्तिवादाचे वैगुण्य त्याच्या अभेद्यतेतच आहे. प्राचीनत्वाचा प्रत्येक पुरावा येथे निर्मितीच्या परिपूर्णतेचा पुरावा ठरतो. प्रतिकूल ठरेल असे काही उरतच नाही. भूगर्भशास्त्रज्ञांनी आपले संशोधन पूर्ववत चालू ठेवावे, असे गॉस स्वतःच मान्य करतात. ज्या सिद्धान्ताने शास्त्राच्या व्यवहारात तिळमात्र फरक पडत नाही, त्याचे खंडन करण्याची शास्त्राला गरजही नसते.

गरज पडली ती श्रद्धेला. चार्ल्स किंग्ज्ली हे धर्मोपदेशक, निसर्गाभ्यासक आणि गॉस यांचे मित्र. ईश्वराने खडकांवर एक प्रचंड आणि निष्कारण असत्य लिहून ठेवले, यावर आपला विश्वास बसू शकत नाही, असे त्यांनी कळविले. हा आक्षेप सर्वस्वी धार्मिक आहे. गॉस यांचा ईश्वर सर्वसमर्थ आहे, पण त्याच्या सृष्टीवर विसंबता येत नाही. किंग्ज्लींना ईश्वराचे सामर्थ्य आणि त्याचे सत्यवचन यांची फारकत असह्य होते. खरी विभागणी श्रद्धेच्या अंतर्भागातच आहे.

एडमंड गॉस किंग्ज्लींचा अभिप्राय नमूद करतात, परंतु त्याचे मर्म हाताळीत नाहीत. त्यांच्या कथेला पराभूत, खचलेला पिता हवा असतो. अ‍ॅन थ्वेट यांच्या चरित्रग्रंथाने (२००२) या चित्राच्या विश्वसनीयतेविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत. फिलिप गॉस यांचे लेखन ‘ऑम्फॅलॉस’नंतर थांबले नाही. १८६० च्या ‘द रोमान्स ऑफ नॅचरल हिस्टरी’ मध्ये ते समुद्रसर्पाच्या अस्तित्वाचा कैवार घेतात. खडकांची साक्ष नाकारणारा हा अभ्यासक तेथे नाविकांच्या साक्षी मोठ्या विश्वासाने तोलताना दिसतो.